खुर्चीची आतली दांडी

दर रविवारी आपण चर्चमध्ये ज्या बाकावर बसतो, त्याची खालची बाजू आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली असेल? सुताराने तिथे रंधा नीट मारला की नाही, हे दोघांनाच ठाऊक असते. एक तो सुतार आणि दुसरा देव. आज ज्या माणसाची ओळख करून घ्यायची आहे, त्याने याच कसोटीवर चौदा वर्षे एक लहानसे नियतकालिक चालवले. त्यात त्याचे पैसे गेले, मित्र गेले, वर्गणीदारही गेले. पण अंकातला एक स्वल्पविरामसुद्धा त्याने कधी निष्काळजीपणे जाऊ दिला नाही. त्याचे नाव शार्ल पेगी.

फ्रान्समध्ये हे नाव शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. कवी म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे. पण हयातीत त्यांची ओळख होती ती एका छोट्या नियतकालिकाचे संपादक म्हणून.

काड विणणारी आई

शार्ल पेगी यांचा जन्म 7 जानेवारी 1873 रोजी ऑर्लेआं या शहरात झाला. संत जोन ऑफ आर्कने ज्या शहराची इंग्रजांच्या वेढ्यातून सुटका केली, तेच हे शहर. वडील सुतारकाम करत. 1870 च्या युद्धात ते सैनिक होते आणि तिथून परतले ते ढासळलेली प्रकृती घेऊनच. शार्ल दहा महिन्यांचा असताना ते वारले. घरात उरल्या आई आणि आजी. आजीला लिहितावाचता येत नव्हते.

आईचा धंदा खुर्च्या विणण्याचा होता. तिकडच्या चर्चमध्ये आणि घरांमध्ये तेव्हा काडाच्या बैठकीच्या खुर्च्या असत. बैठक झिजली की ती उसवून नव्या काडाची वेणी वळत पुन्हा विणायची. पहाटे उठून दोघी कामाला बसत. लहानगा शार्ल शेजारी बसून पाहत असे, हाताला हात लावत असे. उजेडात येणारी बाजू जितकी घट्ट विणायची, तितकीच आतली, कोणाच्या नजरेस न पडणारी दांडीही व्यवस्थित करायची, हा त्या घराचा नियम होता. मालक तपासेल म्हणून नव्हे, गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देईल म्हणूनही नव्हे. काम तसेच करायचे असते म्हणून.

पुढे 1913 साली, चाळिशीत, त्यांनी हे सारे लिहून काढले. ज्या हातांनी मोठमोठी कॅथीड्रले उभी केली, त्याच वृत्तीने आपल्या लहानपणी खुर्च्या विणल्या जात होत्या, असे त्यांचे म्हणणे होते.

शिष्यवृत्ती आणि खिळे

शार्ल हुशार होता. त्याचे पाऊल कारागिरीच्या शाळेकडे वळणार होते. पण शाळेच्या प्रमुखांना त्याची बुद्धी दिसली. त्यांनी खटपट करून शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि त्याला लॅटिन शिकायला पाठवले. हा उपकार पेगी कधी विसरले नाहीत. 1894 साली, तिसऱ्या प्रयत्नात, पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित विद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तिथून बाहेर पडणाऱ्याला प्राध्यापकाची नोकरी जवळजवळ ठरलेली असे. आईचे स्वप्नही तेच होते.

पण 1895 साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि ते ऑर्लेआंला परत आले. काय केले त्या वर्षात? एक तर जोन ऑफ आर्कवर नाटक लिहायला घेतले. आणि दुसरे म्हणजे ते छपाईचे काम शिकले. जुळाऱ्याप्रमाणे एकेक खिळा उचलून ओळ कशी लावायची, दोन शब्दांत किती जागा सोडायची, हे त्यांनी स्वतःच्या बोटांनी शिकून घेतले. लिहिणारे पुष्कळ असतात, पण आपला शब्द कागदावर कसा उमटतो हे कळणारे थोडे. पेगींना ते कळत होते.

या काळात ते श्रद्धेपासून दूर गेले होते. गरिबांचे दुःख पाहून ते समाजवादी झाले. जगातले एकही माणूस हलाखीत राहू नये, ही त्यांची तळमळ होती. 1897 साली त्यांनी शार्लट बोदुआं हिच्याशी लग्न केले. ती त्यांच्या दिवंगत जिवलग मित्राची बहीण. सासरचे घर धर्म न मानणारे होते. त्यामुळे लग्न नोंदणी पद्धतीने झाले, चर्चमध्ये झाले नाही. पुढे मुले झाली, त्यांचाही स्नानसंस्कार झाला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तीच त्यांच्या आयुष्याचा सर्वात जड क्रूस ठरली.

त्याच वर्षी जोन ऑफ आर्कचे ते नाटक छापून आले. सातशेहून अधिक पानांचे जाडजूड पुस्तक, आणि त्यात ठिकठिकाणी कोरी सोडलेली पाने! वाचणाऱ्याने तिथे थांबावे, विचार करावा, अशी कल्पना होती. पुस्तक जवळजवळ विकलेच गेले नाही.

एका निरपराध माणसासाठी

1894 साली फ्रेंच सैन्यातील कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोहाचा खोटा ठपका ठेवून जन्मठेप देण्यात आली होती. तो निर्दोष आहे हे हळूहळू उघड होत गेले, तरी सैन्यातले वरिष्ठ मान्य करेनात. या प्रश्नावर सारा देश दुभंगला. दुःखाने सांगावे लागते की, त्या वेळची अनेक कॅथलिक वृत्तपत्रे ड्रेफसच्या विरोधात, ज्यूद्वेषाच्या बाजूने उभी राहिली. पेगी मात्र पहिल्यापासून ड्रेफसच्या बाजूने रस्त्यावर उतरले. 1898 साली पत्नीने आणलेले चाळीस हजार फ्रँक गुंतवून त्यांनी पॅरिसमध्ये पुस्तकांचे दुकान काढले. ते दुकान ड्रेफसच्या पाठीराख्यांचा अड्डाच बनले. धंदा मात्र दीड वर्षाच्या आत बुडाला. पैसेही बुडाले. प्राध्यापकपदाच्या परीक्षेतही ते नापास झाले.

अशातच 1899 च्या डिसेंबरात समाजवादी पक्षांची मोठी परिषद भरली. पक्षाच्या एकजुटीला बाध येईल असे काही समाजवादी पत्रांनी छापू नये, असे तिथे ठरले. पेगी हादरले. ड्रेफसच्या प्रकरणात सैन्याने सत्य दडपले म्हणून आपण लढलो, आता आपल्याच लोकांनी सत्याला लगाम घालायचा? ज्यांना ते आपले मानत होते, त्यांच्यापासून त्या दिवशी ते वेगळे झाले.

पंधरवड्याच्या वह्या

5 जानेवारी 1900 रोजी, सत्तावीस वर्षे पुरी व्हायला दोन दिवस असताना, त्यांनी स्वतःचे नियतकालिक सुरू केले. नाव अगदी साधे ठेवले: 'काइए द ला कँझेन', म्हणजे पंधरवड्याच्या वह्या. पुढे, 1901 च्या शरद ऋतूत, सोर्बोन विद्यापीठासमोरच्या रस्त्यावर आठ नंबरच्या इमारतीत एक लहानसा गाळा मिळाला. अखेरपर्यंत तेच कार्यालय, तेच दुकान आणि तीच बैठकीची जागा. हिशेब आणि पत्ते पाहायला आंद्रे बुर्जवा हा जुना शाळासोबती होता. बाकी सारे संपादकानेच करायचे.

सारे म्हणजे काय काय? लेख मागवणे, वाचणे, पॅरिसजवळच्या सुरेन गावातल्या छापखान्यात स्वतः जाऊन कागद आणि खिळ्यांचा आकार ठरवणे, प्रुफे तपासणे, वर्गणीदारांना पत्रे लिहिणे आणि महिनाअखेरीला कागदवाल्याचे बिल कसे भागवायचे याची चिंता करणे. प्रुफांच्या बाबतीत ते फार कडक होते. एखादे अक्षर उलटे बसले, एखादा विराम चुकला, तर त्यांना तो वाचकाचा अपमान वाटे. आईने खुर्चीची आतली दांडी जशी केली असती, तसे ते पान करत होते.

त्यांचे दोन नियम आजही विचार करायला लावतात. पहिला वर्गणीचा. वर्गणी तीन दरांची होती: ऐपत असलेल्यांसाठी भारी, सर्वसाधारण वाचकांसाठी मध्यम आणि हात आखडता असलेल्यांसाठी अगदी कमी. मात्र अंक सर्वांना सारखाच, त्याच कागदावरचा, त्याच वेळी रवाना होणारा. जास्त देणाऱ्याला काडीचीही सवलत नाही. दुसरा नियम मजुरीचा. हा अंक संघटित कामगारांच्या ठरलेल्या दराने मजुरी देऊन जुळवला व छापला आहे, असे ते अंकातच छापत. गरिबांच्या न्यायाबद्दल लिहायचे आणि जुळाऱ्याच्या पोटाला चिमटा काढायचा, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते.

अंकात काय असे? कधी एकाच लेखकाची कादंबरी, कधी कागदपत्रांचा संग्रह. तुर्की साम्राज्यातील आर्मेनियन ख्रिस्ती लोकांचे हाल, रुमानियातील ज्यूंची दैना, काँगोमध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी चालवलेले अत्याचार, हे सारे त्यांनी छापले. तेव्हा या विषयांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. लेखकांना मानधन देणे परवडत नव्हते, पण लेखकाच्या मजकुरावर संपादकाची कात्रीही चालत नसे. आपल्याला न पटणारे लेखनसुद्धा ते छापत. जे नियतकालिक दर खेपेला आपल्या एकपंचमांश वाचकांना नाराज करत नाही ते जिवंत नाही, असे त्यांचे मत होते. फक्त तो एकपंचमांश दर वेळी वेगवेगळ्या लोकांचा असावा, एवढा न्याय पाळायचा!

अशा पत्राचे वर्गणीदार ते किती असणार? हजार-बाराशेच्या आसपास. पण याच वह्यांमधून 1904 ते 1912 या काळात रोमां रोलां यांची 'जाँ-क्रिस्तोफ' ही दीर्घ कादंबरी भागाभागाने प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या एकाही भागासाठी रोलांनी मोबदला घेतला नाही. पुढे 1915 सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्याकडे रोलां ठाऊक आहेत ते महात्मा गांधींचे चरित्रकार म्हणून. गांधीजी 1931 साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्या घरी जाऊन राहिले होते. त्या रोलांना जगापुढे आणणारे पहिले व्यासपीठ म्हणजे सोर्बोनसमोरचा हा चिमुकला गाळा.

परत आलेली श्रद्धा

1908 च्या सप्टेंबरात पेगी आजारी होते, खचलेले होते. जोसेफ लोत हा जुना मित्र भेटायला आला. बोलता बोलता पेगींचे डोळे भरून आले आणि आपल्याला श्रद्धा पुन्हा गवसली आहे, आपण कॅथलिक आहोत, हे त्यांनी त्याला सांगितले. मात्र आपण मागे फिरलो असे त्यांना वाटत नव्हते. न्यायाच्या ज्या रस्त्याने चालत होतो, त्याच रस्त्याने चालता चालता आपण येशूपाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती.

1910 च्या जानेवारीत जोन ऑफ आर्कवरचे त्यांचे नवे काव्य त्याच वह्यांमधून आले. त्यानंतर 1911 मध्ये आशेवरचे काव्य. त्यात श्रद्धा आणि प्रीती या दोन मोठ्या बहिणी आहेत आणि आशा ही त्यांचे हात धरून चालणारी चिमुरडी. लोकांना वाटते, थोरल्या बहिणी धाकटीला नेत आहेत. प्रत्यक्षात धाकटीच दोघींना ओढत पुढे नेत असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2017 साली आशेवरच्या आपल्या धर्मशिक्षणात पेगींच्या या काव्याची आठवण करून दिली होती. 2025 या आशेच्या पवित्र वर्षातही आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर ती चिमुरडी आली असेल.

पण संपादकाला याची किंमत मोजावी लागली. वर्गणीदारांत पुष्कळ शिक्षक होते, देवधर्म न मानणारे. संपादक प्रार्थना लिहू लागला म्हणून ते गळू लागले. कॅथलिक वाचक येतील म्हणावे, तर त्यांना हा माणूस समाजवादी आणि ड्रेफसवाला म्हणून परका. दोन्ही काठांवरून दगड येत होते. वर्गणी कमी झाली, देणी वाढली. तरी कोणाला खूश करण्यासाठी त्यांनी एक पान बदलले नाही.

घरातले दुःख याहून खोल होते. पत्नी श्रद्धा मानत नव्हती. चर्चमध्ये लग्न करायला आणि मुलांना स्नानसंस्कार द्यायला ती राजी नव्हती. विवाहसंस्कार झालेला नसल्याने पेगींना ख्रिस्तप्रसाद घेता येत नव्हता. काही कॅथलिक मित्रांनी दबाव आणला. बायकोला बजाव, नाहीतर घर सोड, इथपर्यंत मजल गेली. पेगींनी ते मानले नाही. तिच्या मनावर बळजबरी करायची नाही आणि तिला सोडायचेही नाही, हे त्यांनी ठरवले होते. मग चर्चच्या दाराशी उभा असलेला हा कवी जपमाळ म्हणत राहिला. आशेवरच्या त्या काव्यात एक लाकूडतोड्या आपली तीन आजारी मुले पवित्र मरियेच्या हाती सोपवतो आणि मोकळ्या हातांनी घरी जातो. पेगींना तेव्हा तीनच मुले होती.

1912 च्या जूनमध्ये, मुलाच्या आजारपणात केलेला नवस फेडण्यासाठी, ते शार्त्रच्या मरियामातेच्या कॅथीड्रलला पायी गेले. जाऊन-येऊन 144 किलोमीटर, तीन दिवसांत. आजही दरवर्षी हजारो तरुण त्या वाटेने चालतात.

काळोख्या बाजूही

चरित्र लिहिताना फक्त गोड ते लिहिले, तर पेगींनाच आवडणार नाही. ते भांडखोर होते. एकेक करून कितीतरी जुने मित्र त्यांनी तोडले. समाजवादी नेते जाँ जोरेस यांना त्यांनी एकेकाळी गुरुस्थानी मानले होते. शेवटच्या वर्षांत त्यांच्यावर त्यांनी इतके जहरी लिहिले की ते आज वाचवत नाही. 31 जुलै 1914 रोजी जोरेस यांची हत्या झाली. आणि घरचे काय? पत्नीचा पैसा दुकानात बुडाला होता, पत्रातून संसाराला पुरेल इतके कधी मिळाले नाही. त्यांच्या सचोटीची किंमत शार्लटने आणि मुलांनीही मोजली. संपादकाच्या नावापुढे त्यांची नावे छापली जात नाहीत, म्हणून इथे सांगितले पाहिजे.

अर्धे वाक्य

ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले. पेगी तत्त्वज्ञ देकार्त यांच्यावर एक लेख लिहीत होते. सैन्यात हजर होण्याचा हुकूम आला, तेव्हा वाक्य अर्धे होते. ते तसेच टाकून ते निघाले. निघण्याआधी ज्यांच्याशी अबोला होता अशा काही मित्रांना ते भेटून आले.

5 सप्टेंबर 1914 रोजी, मार्नच्या लढाईच्या आदल्या दिवशी, मो शहराजवळच्या विलरुआ गावाच्या शेतात लेफ्टनंट पेगी आपल्या तुकडीला पुढे नेत होते. शिपायांना त्यांनी आडवे व्हायला सांगितले, स्वतः मात्र उभे राहिले. कपाळात गोळी लागून ते जागीच कोसळले. वय अवघे 41. चौथे मूल 1915 साली जन्मले, त्याने वडिलांना पाहिले नाही.

पंधरवड्याच्या वह्या तिथेच संपल्या. पंधरा मालिका, सव्वादोनशेहून अधिक अंक. पुढे काही वर्षांनी शार्लटने आणि मुलांनी स्वेच्छेने स्नानसंस्कार घेतला. जे पेगींनी कधी लादले नाही, ते त्यांच्या पश्चात आपणहून आले. आणि ज्या रोमां रोलांशी त्यांचे मार्ग पुढे वेगळे झाले होते, त्यांनी आयुष्याच्या शेवटी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पेगींवर दोन खंडांचे पुस्तक लिहून जुने ऋण फेडले.

आपल्या हातातले पान

प्रिय वाचकहो, आपल्या हातात आता जे पत्रक आहे तेही लहानच आहे. एका चर्चपुरते. मिस्साच्या वेळा, नामकरणांची आणि लग्नांची नावे, कोणाच्या आईच्या वर्षश्राद्धाची मिस्सा. एखादे नाव चुकीचे छापले गेले, तर जगाला काही फरक पडत नाही. पण ज्या घरातली ती आई असते, त्या घराला पडतो. शनिवारी रात्री कोणीतरी ती नावे दुसऱ्यांदा तपासून पाहतो, घड्या घालतो, गठ्ठे बांधतो. त्याचे नाव कुठे येत नाही.

हे फक्त लिहिण्या-छापण्यापुरतेही नाही. वेदीवरची वस्त्रे इस्त्री करणारी बहीण, गायनवृंदाच्या वह्या नीट लावून ठेवणारा मुलगा, घरी रोज डबा भरणारी आई, प्रत्येकाच्या कामाला अशी एक आतली दांडी असते. ऑर्लेआंच्या त्या विधवेने ती नीट केली. तिच्या मुलाने तिच्याकडे पाहून ते शिकून घेतले, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्याची पाने आपल्याला आधार देत आहेत. आज मिस्सा संपल्यावर बाकावरून उठताना एकदा त्याच्या खाली हात फिरवून पाहावा. ज्या सुताराने तिथेही रंधा मारला असेल, त्याच्यासाठी एक 'नमो मरिया' म्हणावी.